ताटाबाहेरचे खाणे

या पुस्तिकेत वजन उतरवण्याचा कोणताही नवा आहार सांगितलेला नाही. परदेशी फळांची नावे, डब्यातल्या पावडरी, आठवड्याचे तक्ते यांपैकी काहीही तिच्यात सापडणार नाही. ती नेकनूरसाठी आणि मांजरसुंब्यापासून केजपर्यंतच्या रस्त्यालगतच्या गावांसाठी लिहिली आहे आणि तिचे म्हणणे एकच आहे. आपल्याकडची पोटे दोन वेळच्या जेवणाने कमी सुटतात. जेवणांच्या मधल्या वेळेत जे खाल्ले-प्यायले जाते आणि जेवण म्हणून कुणी मोजत नाही, त्याने जास्त सुटतात. भाकरी, कालवण, ठेचा आणि कांदा यांनी कुणाचे फारसे वाईट केलेले नाही. टपरीवरचा चहा, त्याच्याबरोबरचा बिस्किटपुडा, बाजारातून येताना घेतलेली भजी, मुलांच्या हट्टापायी आणलेली रंगीत बाटली, पाहुण्यांच्या निमित्ताने घरातल्या सगळ्यांचे झालेले पोहे, एकादशीची साबुदाण्याची खिचडी, यांचा हिशेब मात्र कुणाकडेच नसतो. दिवसभरात काय खाता, असे डॉक्टरांनी विचारले की माणूस भाकऱ्या मोजून सांगतो आणि सहा चहा सांगायचे राहून जातात. त्यात लपवाछपवी नसते. चहा पिणे हे खाणे आहे, असे त्याला वाटतच नाही. सुधारणेला सुरुवात इथूनच करावी, असे माझे मत आहे. त्यामागची कारणे आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेप या प्रस्तावनेत मांडायचे आहेत.

पहिला आक्षेप असा, की बीड जिल्ह्यात लठ्ठपणाची चर्चाच अस्थानी आहे. तो हलक्यात घेण्यासारखा नाही. या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. 1972 च्या दुष्काळातली मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्लेली पिढी इथे अजून हयात आहे. अशा मुलखात खाण्याला आवर घाला म्हणणे निर्दय वाटू शकते. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम या आक्षेपाला वेगळेच उत्तर देते. त्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांपेक्षा ते पाऊण किलोहून जास्त कमी होते. पण ही बाळे सगळ्याच बाबतींत सारखी लहान नव्हती. त्यांचे स्नायू बरेच कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबी राखलेले असे हे शरीर जन्मापासूनच तयार झालेले असते. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी आपले स्वतःचे आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच होता, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के निघाली. उपाशीपोटी वाढलेल्या घराण्यांना या विषयाची गरज नाही, असे म्हणता येत नाही. आईच्या पोटात असताना ज्यांना कमी मिळाले, त्यांच्या शरीराला पुढे आलेली साखर आणि बैठे काम जास्त बाधते.

म्हणून या पुस्तिकेत बारीक असण्याचा अर्थ काट्यावरचा आकडा कमी असणे एवढाच घेतलेला नाही. कंबरेचा घेर कमी आणि स्नायू शाबूत, असा तो अर्थ आहे. भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची धोक्याची रेषा पुरुषांना 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांना 80 सेंटीमीटर धरली जाते. पाश्चात्त्यांसाठीच्या रेषेपेक्षा ती बरीच खाली आहे आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या शरीररचनेत आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही, आणखी सुमारे 13.6 कोटी लोक त्या उंबरठ्यावर, आणि दर दहा प्रौढांपैकी जवळजवळ चौघांचे पोट सुटलेले, असे त्या पाहणीत दिसले. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे आलेले, अशी माणसे आठवडी बाजाराच्या गर्दीत सहज दिसतात. त्यांना कुणी लठ्ठ म्हणत नाही, त्यामुळे त्यांची तपासणीही होत नाही.

आता चहाकडे येऊ, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तिथे आहे. मराठवाड्यातला चहा गोड असतो आणि तो एकदा-दोनदा होत नाही. सकाळी उठल्यावर, न्याहारीबरोबर, शेतातून किंवा दुकानातून मधेच, कुणी भेटले म्हणून, चार वाजता, आणि संध्याकाळी घरी आल्यावर. एका कपात दोन चमचे साखर धरली तर ती साधारण 10 ग्रॅम होते. पाच कपांत 50 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला 25 ग्रॅमपर्यंत आहे. म्हणजे मिठाई, बिस्किटे, सरबत यांना हात न लावताही, केवळ चहातून, दुप्पट साखर पोटात जाते. वर्षाचा हिशेब केला तर माणशी 18 किलो. पाच मोठ्या माणसांच्या घरात 50 किलोची जवळजवळ दोन पोती साखर वर्षभरात फक्त चहात विरघळते. ही साखर ज्या उसाची असते, तो तोडायला याच भागातले हात जातात आणि त्यांच्या स्वतःच्या फडावरच्या दिवसाचा आधारही बहुधा गोड चहाच असतो. तिथे चहा भूक मारण्याचे काम करतो. पहाटे गाडीवर निघालेल्या माणसाला भाकरी मिळायला उशीर होतो, तोवर दोन-तीन चहा होतात. त्याचे वजन चहाने वाढत नाही हे खरे, पण त्याच्या पोटात जायला हवे होते ते डाळ-उसळ-दाणे मागे पडतात आणि स्नायू झिजत राहतात. दुकानात बसणाऱ्याच्या कंबरेला आणि फडावर राबणाऱ्याच्या स्नायूंना एकाच पेल्यातून वेगवेगळा तोटा होतो, आणि सल्लाही त्यामुळे वेगळा द्यावा लागतो. बसून काम करणाऱ्याने साखर निम्मी करावी. राबणाऱ्याने चहाआधी काहीतरी चावून खावे.

कपात एवढी साखर आहे म्हणून काय बिघडले, तेवढी भाकरी आपोआप कमी खाल्ली जात असेल, असे कुणी म्हणेल. भूक हिशेब ठेवते, हे म्हणणे चावून खाण्याच्या पदार्थांपुरते बरेचसे खरे आहे. पेयांना ते लागू पडत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात 2000 मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा पण बोलका प्रयोग आहे. 15 माणसांना चार आठवडे रोज 450 उष्मांकांच्या साखरेच्या गोळ्या चघळायला दिल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच उष्मांकांचे गोड पेय प्यायला दिले. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांनी बाकीचे जेवण आपोआप तेवढे कमी केले. पेय प्यायले तेव्हा जेवणात काहीच घट झाली नाही आणि वजन वाढले. गिळलेल्या साखरेची नोंद पोट नीट घेत नाही. रंगीत शीतपेयांतली साखर बहुधा 100 मिलिलिटरला 10 ग्रॅमच्या घरात असते. पाव लिटरच्या एका बाटलीत दिवसाची मर्यादा संपते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातसुद्धा या बाटल्या थंडगार मिळतात आणि प्यायचे स्वच्छ पाणी मिळत नाही, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. गुळाचा चहा घेतला की प्रश्न सुटला, असेही समजू नये. गुळात थोडी खनिजे असतात, पण तो बहुतांशी साखरच आहे आणि कंबरेच्या हिशेबात दोघांत फरक जवळजवळ नाही. तसेच सकाळच्या कोमट पाण्यात लिंबू-मध घातल्याने चरबी वितळत नाही. ते पाणी चांगले, लिंबूही चांगले, पण त्यातला मध म्हणजे पुन्हा साखर. पाण्याचा खरा उपयोग साधा आहे. ते गोड पेयाची जागा घेते आणि जेवणाआधी पेला-दोन पेले घेतले तर थोडे कमी जेवले जाते. मध्यमवयीन आणि वयस्कर माणसांवर झालेल्या चाचण्यांत यामुळे काही आठवड्यांत किलो-दोन किलोचा फरक दिसला. पातळ, मीठ कमी घातलेले ताक हे तर या भागातले जुने पेय. लोणी काढून घेतलेल्या ताकात उष्मांक फार थोडे आणि तहान पुरती भागते.

पेयांनंतर पुड्यांचा क्रम लागतो. ग्लुकोजच्या साध्या बिस्किटांत 100 ग्रॅममागे सुमारे 450 उष्मांक असतात, शेव-फरसाणात त्याहून जास्त. मराठवाड्यातली एक मोठी भाकरी 100 ग्रॅम पिठाची धरली तरी ती 350 च्या आत राहते, आणि ती खायला वेळ लागतो. वेळेची ही गोष्ट महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 20 माणसांना रुग्णालयातच ठेवून दोन आठवडे कारखान्यातले तयार पदार्थ आणि दोन आठवडे साधे रांधलेले अन्न दिले. वाढलेल्या अन्नातले उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतू दोन्ही वेळी सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. तयार पदार्थांच्या दोन आठवड्यांत माणसांनी रोज सुमारे 500 उष्मांक जास्त खाल्ले आणि त्यांचे वजन सरासरी 0.9 किलोने वाढले. साध्या अन्नाच्या दोन आठवड्यांत ते तेवढेच उतरले. तयार पदार्थ ते भराभर खात होते, असेही दिसले. मऊ, कोरडे, तोंडात विरघळणारे पदार्थ भूक भागल्याचा निरोप पोचण्याआधीच संपतात. कांदा-शेंगदाण्याबरोबरची भाकरी चावावीच लागते. इथल्या जेवणाचा हा गुण आपण कधी मोजला नाही, म्हणून तो गेल्याचेही लक्षात आले नाही.

या टप्प्यावर वाचकाच्या मनात एक प्रश्न येणारच, कारण काही वर्षांपूर्वी तो महाराष्ट्रातल्या घराघरांत वाजत होता: दीक्षित की दिवेकर? नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी इन्सुलिन आणि जेवणाच्या वेळा यांविषयी व्याख्याने दिली होती. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तोच धागा पुढे नेला. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढेच घ्या आणि रोज 45 मिनिटे चाला, असे ते सांगतात. मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडेथोडे, वेळच्यावेळी आणि आपल्या मातीतले खा असे सांगत आल्या. लोकांनी या दोघांना समोरासमोर उभे केले आणि वाद वेळांचा झाला. माझ्या मते वादाचा विषयच चुकला. 2022 मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथल्या 139 लठ्ठ रुग्णांवर वर्षभर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत जेवायचे होते, दुसऱ्याला वेळेचे बंधन नव्हते, उष्मांकांची मर्यादा मात्र दोघांना सारखी होती. दोन्ही गटांचे वजन चांगले उतरले आणि दोघांतला फरक दखल घेण्याजोगा नव्हता. घड्याळात स्वतंत्र जादू नाही. दोनच जेवणांचा नियम पाळणाऱ्या अनेकांचे पोट उतरले, ते खरेच उतरले, कारण त्या नियमाने चहातली साखर, बिस्किटे आणि फरसाण एका फटक्यात बंद झाले. देशी अन्न खाणाऱ्यांनाही फायदा झाला, कारण त्यांनीही पुडे आणि बाटल्या सोडल्या. ज्याला जी शिस्त झेपेल ती त्याने घ्यावी. दोन्हींतला सामाईक भाग सुटू देऊ नये.

ताटाबाहेर इतका दोष असला तरी ताट निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही. आजोबा चार-चार भाकऱ्या खात, वर दूध-गूळ घेत, आणि तरी काटक होते, हा दाखला नेहमी दिला जातो. तो खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. ते मोट हाकत, बाजाराला पायी जात, आजी पहाटे जात्यावर बसे. आता विहिरीवर मोटार आहे, दाराशी दुचाकी आहे, पीठ गिरणीतून येते, आणि भाकऱ्यांची संख्या मात्र पूर्वीचीच राहिली. शिवाय ताटातले धान्यही बदलले. बालाघाटाच्या या माळांवर बाजरी, ज्वारी, तूर, मटकी, हुलगे, करडई, जवस, कारळ पिकत असे. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीन आणि कापसाने त्यातली बरीच जागा घेतली आणि ही दोन्ही पिके घरात शिजत नाहीत. रेशनवर माणशी पाच किलो मिळते ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. पोट भरले आणि उपासमार टळली, हे रेशनचे उपकार मोठे आहेत. पण डाळ-उसळ ताटात आकसली. देशभरच्या पाहणीत भारतीयांच्या आहारातले सुमारे 62 टक्के उष्मांक पिष्ट आणि साखर यांतून येतात असे दिसले. पोषण संस्थेने धान्याचा वाटा 45 टक्क्यांवर आणायला सांगितले आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा बाजरीची पुष्कळ स्तुती झाली. ती योग्यच होती. बाजरीत 100 ग्रॅममागे 11 ग्रॅमच्या आसपास प्रथिने, तेवढेच तंतू आणि बऱ्यापैकी लोह आहे, पांढऱ्या तांदळात तंतू 3 ग्रॅमही नाहीत. तरीही बाजरीची भाकरी म्हणजे मुख्यतः पिष्टच, आणि बसून काम करणाऱ्याला त्या चार लागत नाहीत. दोन पुरतात, पण दोनच कधी पुरतील? बाजूला वाटीभर मटकीची उसळ किंवा हुलग्याचे माडगे, मूठभर शेंगदाणे किंवा जवसाची चटणी, आणि अंबाडी, तांदुळजा, घोळ, पाथरी यांपैकी एखादी पालेभाजी भरपूर असेल तेव्हा. हुलग्यात 22 टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. नुसत्या ठेच्याशी भाकरी खाणारा चौथीवर थांबतो, यात त्याची हाव नाही, ताटातली उणीव आहे. आणखी एक सोपी सवय अशी, की आधी कोशिंबीर, भाजी, उसळ निम्मी खावी आणि मग भाकरीला हात घालावा. याच क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते, हे मधुमेह्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे.

नेकनूरला बंकटस्वामींच्या परंपरेमुळे वारकरी मंडळींत मान आहे, आणि इथे एकादशीचा विषय टाळून आहारावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उपवासाने अंग हलके होते हा समज जुना आहे. खऱ्या लंघनापुरता तो बरोबर असेलही. पण आजच्या एकादशीला बहुतेक घरांत जे शिजते ते रोजच्या जेवणापेक्षा जड असते. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचे शुद्ध पिष्ट. 100 ग्रॅममध्ये 87 ग्रॅमच्या आसपास पिष्ट आणि प्रथिने नावालाही नाहीत. त्यात तूप-तेल, बटाटा, वर उपवासाचा चिवडा आणि दिवसभर गोड चहा. व्रताला धक्का न लावता हे बदलता येते. राजगिरा, रताळे, शेंगदाण्याची आमटी, दही, ताक आणि फळे ही सारी उपवासाला चालणारीच आहेत. भगर साबुदाण्यापेक्षा चांगली, फक्त तिचे जुने, सुटे, वास येणारे पीठ घेऊ नये. उपवासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना मराठवाड्यात घडलेल्या आहेत.

या विषयातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग स्त्रियांचा आहे. वजनाची चर्चा त्यांच्या कानावर नेहमी उणे भाषेत पडते, हे सोड, ते कमी कर. पण 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयी आणि त्याच वयोगटातल्या 24 टक्के वजनाने जास्त आढळल्या. काही जणी दोन्ही यादीत असतात. जी बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, जिच्या वाटेला भाजीचा तळ आणि सकाळची शिळी भाकरी येते, ती भूक चहा-बिस्किटावर भागवते. तिचे पोट सुटते आणि रक्त कमीच राहते. तिला कमी खा म्हणणे अन्यायाचे आहे. तिला उसळ, अंडे, दूध, पालेभाजी यांचा पुरता वाटा मिळाला तर चहा-बिस्किट आपोआप मागे पडेल. त्यासाठी घरातल्या सर्वांनी एकत्र ताटावर बसणे हाच पहिला आहार-नियम मी मानतो. दुसरी गोष्ट चहाची वेळ. चहातली कषाय द्रव्ये अन्नातले लोह बांधून ठेवतात, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी चहा टाळावा. उसळीवर लिंबू पिळावे. लिंबातले क जीवनसत्त्व तेच लोह अंगी लागायला मदत करते. रक्तक्षयाच्या गोळ्या सुरू असलेल्या बाईने तर त्या चहाबरोबर मुळीच घेऊ नयेत.

दोन आक्षेप उरतात. चांगले खाणे महाग आहे, हा एक. फळे आणि दुधाबाबत तो खरा आहे आणि त्याचे उत्तर पुस्तिकेने देऊन भागणार नाही. रेशनवर डाळी आणि भरडधान्ये नियमित मिळणे, शाळेच्या पोषण आहारात अंडे टिकणे, या मागण्या लावून धरायलाच हव्यात. पण घरातल्या हिशेबात दहा-दहा रुपयांचे पुडे, बाटल्या आणि बाहेरचे चहा महिन्याभरात किती होतात ते एकदा लिहून पाहावे. तेवढ्या पैशात मटकी, हुलगे, शेंगदाणे यांची बऱ्यापैकी भर पडते. दुसरा आक्षेप पाहुणचाराचा. दारी आलेल्याला चहा न विचारणे इथे अपमान मानला जातो आणि नको म्हणणेही. ही माया मोडावी असे मी कधीच म्हणणार नाही. मात्र साखर वेगळी ठेवून विचारता येते, अर्धा कप देता येतो, उन्हातून आलेल्याला ताक देता येते. यजमानाने सुरुवात केली तर पाहुण्याला संकोच राहत नाही. मधुमेहामुळे हा बदल अनेक घरांत झालाच आहे. आजार येण्याआधी तो झाला तर जास्त चांगले.

पुढच्या पानांत या गोष्टी विस्ताराने आल्या आहेत: चहातली साखर महिनाभरात टप्प्याटप्प्याने कशी कमी करावी, दिवेलागणीच्या सुमारास जेवण कसे आटपावे, बाजारातून काय आणावे, ऊसतोडीला जाताना शिदोरीत काय असावे, मुलांच्या डब्यात बिस्किटांऐवजी काय द्यावे. त्यातले सगळे एकदम करू नये. एक सवय अंगवळणी पडली की दुसरी घ्यावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढती मुले, क्षयाचे रुग्ण आणि वजन मुळातच कमी असलेले लोक यांनी जेवण कमी करण्याचा कोणताही प्रयोग करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, नाहीतर साखर एकाएकी खाली जाऊन जीवावर बेतू शकते. आणि वाचायला सुरुवात करण्याआधी एक विनंती. शिवणकामाची टेप घ्या, श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची कंबर मोजा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. पुरुषाचा 90 च्या किंवा स्त्रीचा 80 सेंटीमीटरच्या वर असेल, तर वय तिशीच्या पुढचे असो वा नसो, रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.